दुधाच्या दातांची कीड : मोजमाप, भाकीत आणि चिरनेरचे मूल – एक चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

चिरनेर हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात २५ सप्टेंबर १९३० या दिवसामुळे कोरले गेले आहे. आक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रहींना हौतात्म्य आले. आज उरण तालुक्यात मोडणाऱ्या या गावी दरवर्षी त्या दिवशी स्मृतिस्तंभापाशी मानवंदना दिली जाते. गावकरी जमतात, शाळकरी मुले रांगेत उभी राहतात आणि आईच्या कडेवर किंवा थोरल्या भावंडाचे बोट धरून आलेली लहानगीही त्या गर्दीत असतात. प्रस्तुत लेखकाचे लक्ष एकदा या लहानग्यांपैकी एकाच्या हसण्याकडे गेले. वय फार तर चार वर्षांचे. वरचे पुढचे चार दात हिरड्यांलगत तपकिरी खुंटांसारखे उरलेले. खालचे पुढचे दात मात्र स्वच्छ, पांढरे आणि अखंड. खालच्या दातांचे हे सुटणे योगायोगाचे नसते. दूध पिताना जीभ त्यांच्यावर येते आणि लाळेचे पाणीही तेथेच अधिक साचते, म्हणून ते शेवटपर्यंत टिकतात. वर खुंट आणि खाली शुभ्र दात ही बालदंतक्षयाची सर्वांत ओळखीची खूण होय.

या मुलाची कीड कधी ओळखता आली असती? ती कोणत्या गतीने वाढेल हे कोणी आधी सांगू शकले असते काय? दंतवैद्यकशास्त्राने या दोन प्रश्नांसाठी गेल्या सुमारे नव्वद वर्षांत अनेक निर्देशांक, तक्ते, प्रश्नावल्या आणि संगणकीय साधने निर्माण केली आहेत. या साधनांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. लेखक दंतवैद्य नाही, मराठीचा अध्यापक आहे, हे आरंभीच नमूद करणे उचित ठरेल. तथापि निर्देशांक ही देखील एक भाषा असते. काय सांगायचे आणि काय गाळायचे याचा निर्णय त्या भाषेत आधीच झालेला असतो, आणि अशा निर्णयांची तपासणी हा समीक्षेचा जुनाच व्यवसाय आहे.

निर्देशांक नेमके काय मोजतो?

१९३८ मध्ये क्लाइन, पामर आणि नटसन यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या अभ्यासातून डीएमएफ निर्देशांक मांडला. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले दात यांची बेरीज, एवढेच त्याचे स्वरूप. साधेपणामुळेच तो जगभर रुजला. दुधाच्या दातांना मात्र तो जसाच्या तसा लावता येईना. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात दात नसेल तर तो किडीने गेला की आपोआप पडला, हे कसे ठरवावे? म्हणून १९४४ मध्ये ग्रुबेल यांनी 'गमावलेले' हे पद काढून त्याजागी 'काढलेले किंवा काढण्यायोग्य' हे पद घातले. डीईएफ नावाने ओळखला जाणारा निर्देशांक तो हाच.

या तीन अक्षरांकडे चिरनेर परिसरातून पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. 'भरलेला' आणि 'काढलेला' ही दोन्ही पदे दाताविषयी जेवढे सांगतात त्याहून अधिक दवाखान्याविषयी सांगतात. दात भरायला दंतवैद्य लागतो, तेथवर जाण्याचे भाडे लागते आणि रोजगार बुडवून मुलासोबत जाणारे मोठे माणूस लागते. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाडीतील मुलाच्या नोंदीत तिसरे पद शून्य असण्याचीच शक्यता अधिक. ते शून्य चांगले की वाईट, हे निर्देशांकाच्या बेरजेतून कळत नाही. तीन दात भरून घेतलेले शहरातील मूल आणि तीन उघडे खड्डे घेऊन झोपणारे वाडीतील मूल या दोघांचा निर्देशांक तीनच येतो! गणिताने केलेली ही समता मान्य करणे कठीण आहे.

सरासरीची गोष्टही अशीच. गावातील निम्म्या मुलांचे दात निरोगी असतील आणि थोड्या मुलांचे आठ-दहा दात किडलेले असतील, तर सरासरी मध्यम येते आणि अहवालात परिस्थिती समाधानकारक दिसते. ही त्रुटी ओळखून स्वीडनच्या ब्रॅथॉल यांनी २००० साली सर्वाधिक बाधित एक तृतीयांश मुलांचीच सरासरी स्वतंत्रपणे काढावी असे सुचविले. ही सुधारणा महत्त्वाची आहे, कारण तिने प्रथमच आकड्याला विचारले की तू कोणाबद्दल बोलतो आहेस?

भारतापुरते पाहिले तर भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांना दंतक्षय आढळला. पाच वर्षे हे वय जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वेक्षणपद्धतीतून आलेले आहे. मूल शाळेच्या उंबरठ्यावर असते व एका ठिकाणी सापडते, ही त्यामागील सोय. परंतु पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो आणि अडीच-तीन वर्षांत वीसही दात येऊन चुकतात. म्हणजे सर्वेक्षक दारात येतो तेव्हा किडीला दोन-तीन वर्षे मोकळे रान मिळालेले असते.

पांढरा डाग

येथे एका तांत्रिक मुद्द्याचा थोडा विस्तार करणे आवश्यक आहे, कारण सगळा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो. कीड म्हणजे खड्डा नव्हे. खड्डा हा किडीचा बराच पुढचा टप्पा होय. साखर मिळाली की दातावरील जिवाणूंच्या थरात आम्ल तयार होते. आम्लता सुमारे ५.५ या सामूखाली गेली की दाताच्या वरच्या कवचातील खनिज विरघळू लागते. अर्ध्या-पाऊण तासाने लाळ ही आम्लता शमविते आणि गेलेले खनिज काही प्रमाणात परत बसते. जाणे आणि येणे यांचा हा हिशेब दररोज चालू असतो. तो सतत तोट्यात राहिला की हिरडीलगत खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसू लागतो. या टप्प्यावर कीड थांबविता येते, काही अंशी परतविताही येते. खड्डा पडल्यावर मात्र दात पूर्ववत होत नाही. दुधाच्या दाताचे कवच कायमच्या दाताच्या साधारण निम्म्या जाडीचे असते आणि आतील मगज तुलनेने मोठा असतो. त्यामुळे कायमच्या दाताला जेथे वर्षे लागतात तेथे दुधाच्या दाताला महिने पुरतात.

असे असताना जागतिक आरोग्य संघटनेच्या रूढ सर्वेक्षणपद्धतीत पांढरा डाग हा 'निरोगी' याच सदरात मोडतो. त्यामागील कारण समजण्यासारखे आहे. मैदानात, खिडकीच्या उजेडात, शेकडो मुले तपासताना दोन तपासनीसांचे डागाविषयी एकमत होणे अवघड. खड्ड्याविषयी ते होते. म्हणजे मोजमाप विश्वसनीय राहावे म्हणून रोगाचा उपचारयोग्य टप्पाच मोजमापाबाहेर ठेवला गेला. जे परतविता येते ते मोजायचे नाही आणि जे परतविता येत नाही ते काटेकोरपणे मोजायचे, ही या पद्धतीची अंतर्गत विसंगती आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००२ नंतर विकसित झालेल्या आयसीडीएएस पद्धतीने शून्य ते सहा असे टप्पे केले. वाळवल्यावरच दिसणारा पहिला बदल, ओल्या दातावरही दिसणारा बदल, कवचाचा तुकडा निघणे, आतून दिसणारी काळसर सावली, उघडा खड्डा आणि विस्तीर्ण खड्डा असा तो क्रम आहे. मांडणी निर्दोष आहे. परंतु पहिला टप्पा पाहण्यासाठी दात हवेच्या झोताने पाच सेकंद वाळवावा लागतो. अंगणवाडीत हवेचा झोत कोठून आणायचा? या दृष्टीने १९९९ साली नायवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले निकष प्रस्तुत लेखकास अधिक उपयुक्त वाटतात. डाग किती खोल आहे यापेक्षा तो जिवंत आहे की थांबलेला आहे, हे त्यांनी विचारले. खरखरीत आणि निस्तेज असेल तर कीड चालू आहे. गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर ती थांबली आहे. हा भेद ओळखण्यासाठी सराव लागतो हे खरे, परंतु विजेवर चालणारे यंत्र लागत नाही.

आणखी एक विसंगती अलीकडच्या उपचाराने उघडी पाडली आहे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण खड्ड्यावर लावले असता कीड थांबू शकते, मात्र खड्डा कायमचा काळा पडतो. सुई नाही, गिरमिट नाही, मुलाचे रडणे कमी. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आता गावातील पन्नास मुलांचे खड्डे या द्रावणाने थांबविले असे समजू. पुढील वर्षी डीईएफ निर्देशांक काढला तर तो तसूभरही कमी येणार नाही, कारण थांबलेला काळा खड्डाही त्याच्या लेखी 'किडलेला'च. यशाची नोंद करण्यास जागाच नसलेले हे मापन आहे.

भाकिताची चकती

मोजमापाकडून भाकिताकडे वळताना पुन्हा ब्रॅथॉल यांचेच नाव घ्यावे लागते. १९९० च्या दशकात त्यांनी 'कॅरिओग्राम' हे संगणकीय साधन तयार केले. किडीचा पूर्वानुभव, इतर आजार, आहारातील घटक, खाण्याची वारंवारता, दातांवरील थर, जिवाणूंचे प्रमाण, फ्लोराइडचा वापर, लाळेचे प्रमाण, लाळेची आम्ल शमविण्याची शक्ती आणि तपासणाऱ्याचा स्वतःचा अंदाज एवढी माहिती भरली की पडद्यावर पाच रंगांची चकती उमटते. त्यातील हिरवा भाग म्हणजे नवी कीड टळण्याची शक्यता. रोग अनेक कारणांनी होतो हे आईवडिलांना एका दृष्टिक्षेपात पटविणारे दुसरे साधन क्वचितच असेल.

परंतु या यादीतील लाळेच्या आणि जिवाणूंच्या चाचण्या वगळल्या तर उरते काय? मुख्यतः पूर्वीची कीड. भाकिताच्या बहुतेक साधनांचा अनुभव हाच आहे की भावी किडीचा सर्वांत बलवान निर्देशक म्हणजे आधीची कीड. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष असेल. पण ज्याचे दात आधीच गेले त्याचे आणखी जातील असे सांगणे म्हणजे पूर आलेल्या घराला पुराचा इशारा देणे होय. दोन वर्षांच्या, अद्याप न किडलेल्या मुलासाठी भाकीत हवे असते आणि नेमके तेथेच हे साधन दुबळे ठरते. यंत्रशिक्षणावर आधारलेली नवी प्रारूपे याहून पुढे जातील असे म्हटले जाते. ती ज्या मुलांच्या नोंदींवर शिकविली गेली ती मुले कोणती, हा प्रश्न त्यांनाही विचारावा लागेल.

याहून मूलगामी आक्षेप जेफ्री रोझ यांच्या १९८५ च्या विवेचनातून निघतो. रोग मोजक्या व्यक्तींत असेल तर जोखमीच्या व्यक्ती शोधाव्यात. परंतु संपूर्ण समाजच जोखमीत असेल तर निवड करीत बसण्यापेक्षा सर्वांसाठी उपाय करावा. पाच वर्षांच्या प्रत्येक दोन मुलांमागे एकाला कीड असेल, तर 'जोखमीचे मूल' शोधणे म्हणजे आषाढातल्या पावसात कोण भिजेल याचे भाकीत करणे आहे. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे हा उपाय सर्वांना सारखाच लागू पडतो. तीन वर्षांखालील मुलासाठी पेस्टचे प्रमाण तांदळाच्या दाण्याएवढे सांगितले जाते. भातशेतीच्या या मुलखात ते माप तरी कोणाला समजावून द्यावे लागणार नाही.

तरीही भाकीत निरर्थक आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. द्रावण, वेळ आणि दंतवैद्य मर्यादित असताना आधी कोणाकडे जायचे हे ठरवावेच लागते. आक्षेप आहे तो भाकितासाठी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या भाषेवर.

'गोड' म्हणजे काय?

जोखीम ठरविणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत साखरेच्या वारंवारतेचा प्रश्न असतो आणि तो योग्यच आहे. साखर किती खाल्ली यापेक्षा ती कितीदा व कशा स्वरूपात खाल्ली हे निर्णायक असते, हे स्वीडनमधील व्हिपेहोम येथील १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवून दिले. मतिमंदांच्या संस्थेतील माणसांना जेवणाच्या मधल्या वेळेत चिकट टॉफ्या खाऊ घालून त्यांचे दात किडू दिले गेले. ज्ञान खरे, पण ते मिळविण्याचा मार्ग लाजिरवाणा, हेही येथे नोंदविले पाहिजे.

हा प्रश्न मराठीत येतो तो असा : 'मूल दिवसातून किती वेळा गोड खाते?' एका श्रमसंस्कार शिबिरात विद्यार्थ्यांसमवेत घरोघरी फिरताना प्रस्तुत लेखकाने हा प्रश्न विचारलेला ऐकला आहे. उत्तर बहुधा एकच येई : 'गोड कुठलं रोज? सणावाराला.' आई खोटे बोलत नव्हती. मराठीत 'गोड' म्हणजे गोडधोड. पुरणपोळी, लाडू, खीर, बारशाचे पेढे. सकाळचा साखरेचा चहा 'गोड' नसतो, तो चहा असतो. चहात बुडविलेले बिस्कीट, टोस्ट आणि खारी हा 'नाश्ता' असतो. दुकानातली पाच रुपयांची पुडी हा 'खाऊ' असतो आणि खोकल्याचे गोड पातळ औषध तर औषधच असते. चार-पाच वेळा साखर तोंडात जाणाऱ्या मुलाची नोंद 'क्वचित' अशी होते, हिरवा भाग वाढतो आणि भाकीत चुकते. चूक आईची नाही, सूत्राचीही नाही. ती अनुवादाची आहे. 'उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते सांगा' असे विचारले असते तर तीच आई सारे क्रमाने सांगती.

'झोपताना बाटली देता का?' हा दुसरा प्रश्न. गावात 'बाटली' हा शब्द उच्चारल्यावर घरातील बायका एकमेकींकडे पाहून हसतात, त्याचे कारण वेगळेच असते. ज्या घरात दुधाची बाटली कधी आलीच नाही तेथे उत्तर 'नाही' येते आणि जोखीम कमी धरली जाते. मूल रात्री झोपेत तोंडात काय धरून असते, चहात बुडविलेले फडके असते काय, हे विचारायचे राहून जाते.

याउलट आपल्या भाषेत असलेली काही निरीक्षणे प्रश्नावल्यांनी वापरलेलीच नाहीत. दाताच्या दुखण्याला मराठीत एक शब्द नाही. आधी 'दाढेत अडकतं', मग गार पाण्याने 'सणक मारते', पुढे रात्री 'ठणकते' आणि शेवटी 'गालफड सुजतं'. सणक क्षणिक असते. ठणका स्पंदनासारखा, झोपू न देणारा असतो. दंतवैद्यक मगजाचा परत बरा होणारा दाह आणि बरा न होणारा दाह असा जो भेद करते, त्याच्या फार जवळ हे दोन शब्द पोहोचतात. उपचार न झालेल्या किडीचे परिणाम नोंदविण्यासाठी २०१० मध्ये फिलिपीन्समधील कामातून 'पुफा' हा निर्देशांक पुढे आला. उघडा मगज, व्रण, नाडीव्रण आणि गळू या चार गोष्टी तो मोजतो. डीईएफला न दिसणारे वाडीतील मूल या निर्देशांकाला दिसते, म्हणून तो आपल्या ग्रामीण भागात अधिक वापरला जावयास हवा. मात्र त्याच्या अलीकडचा 'सणक' हा टप्पा आईच्या तोंडीच सापडेल, आणि तो लिहून घेणारा रकाना कोठल्याही तक्त्यात प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेला नाही.

'दुधाचे दात' या शब्दानेही थोडे नुकसान केले आहे. जे दूध तोडल्यासारखे सुटणारच आहे त्याची काळजी कशाला, असा अर्थ त्यात आपसूक शिरतो. पडलेला दात छपरावर टाकण्याची रीत कौतुकाची आहे. परंतु मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ पुढे सात-आठ वर्षे दुखू शकते. ही मुलाच्या वाढीची, जेवणाची आणि शाळेची वर्षे असतात.

दुसरी नोंद

प्रगतीचे भाकीत करावयाचे तर एकाच मुलाच्या किमान दोन नोंदी लागतात. एका नोंदीतून स्थिती कळते, गती कळत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. कोकणपट्टीतच आरंभ झालेल्या या कार्यक्रमाच्या तीस आजारांच्या यादीत दातांचे विकार आहेत, आणि अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी त्यात अभिप्रेत आहे. कागदावर ही व्यवस्था किडीची गती मोजण्यास पुरेशी आहे. मात्र पहिल्या भेटीत 'कीड आहे/नाही' एवढीच खूण केली आणि कोणता दात, डाग की खड्डा, खरखरीत की गुळगुळीत हे लिहिले नाही, तर दुसऱ्या भेटीत तुलना कशाशी करायची?

रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांपुरती याहून मोठी अडचण आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात व पावसाच्या तोंडावर परततात. दुधाच्या दातावरील पांढरा डाग खड्ड्यात उतरण्यास जेवढे महिने लागू शकतात, जवळपास तेवढेच महिने मूल अंगणवाडीच्या नोंदीबाहेर असते. भट्टीवर साखरेचा चहा आणि बिस्कीट हे भूक भागविण्याचे सर्वांत स्वस्त साधन. पावसाळ्यात तपासलेले 'निरोगी' मूल पुढच्या पावसाळ्यात खुंट घेऊन येते, आणि दोन्ही तपासण्या आपापल्या जागी अचूक असतात.

यावर एक सूचना येथे मांडावीशी वाटते. माता व बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या वजनाचा आलेख असतो आणि ते कार्ड आईकडे राहते. त्याच आलेखाखाली वीस दातांचे साधे चित्र असावे. ओठ वर उचलून पाहावे, हिरडीलगत पांढरा पट्टा दिसला तर त्या दातावर रेघ, खड्डा दिसला तर टिंब, ठणका असेल तर फुली काढावी आणि महिना लिहावा. अंगणवाडी सेविकेला हे काही तासांत शिकविता येईल. ज्याच्या चित्रावर दिवाळीपूर्वी रेघ आहे त्या मुलाला स्थलांतराआधी फ्लोराइडचा लेप द्यावा आणि एक पेस्ट सोबत द्यावी. रेघेचे टिंब झाले की नाही हे ज्येष्ठात कुटुंब परतल्यावर, किंवा तत्पूर्वी भट्टीजवळच्या कोणत्याही गावातील सेविकेला, त्याच कार्डावर पाहता येईल.